जपून ठेवलेल्या बिया

सीमानं घरून आणलेला पत्र्याचा डबा उघडला तर वर कडुलिंबाचा पाला. पाल्याखाली कॉफीच्या बिया. हात घातला तर बोटं तेलकट झाली. वास घेतला आणि ती मटकन स्टुलावर बसली.

"आत्याबाई, ह्याला काय लावलंय?"

"एरंडेल," कांदा चिरता चिरता सोजरबाई म्हणाल्या. "डाळीला लावलं त्यातलं वाटीत उरलं व्हतं. आदी दोन दिस उनात वाळवल्या, मंग चोळल्या. वरीसभर कीड लागायची न्हाई बघ."

"कुणी सांगितलं होतं?"

"तूच म्हनलीस की, जपून ठेवा म्हनून."

हे मात्र खरं होतं. सीमा तसं म्हणाली होती, आणि सासूच्या लेखी जपून ठेवायची रीत एकच होती. गहू असो, तूर असो, नाहीतर साहेबानं खास आपल्या गावाकडून आणलेली कॉफी असो.

कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात सीमा चार वर्षं कॅन्टीन चालवत होती. तीनशे माणसं रोज जेवत होती, एकाचं पोट बिघडलं नव्हतं. पण कराराची मुदत संपत आली होती, आणि नव्या मॅनेजरचा, रंगनाथनसाहेबांचा, हिशेबच वेगळा. ज्याला कॉफी जमते त्याला कॅन्टीन जमतं, म्हणे. भाकरी जमते, भाजी जमते, ते गेलं चुलीत! त्यांनी अर्धा किलो भाजलेल्या बिया हातात ठेवल्या, ताजी बी कशी ओळखावी याचा टाईप केलेला कागद दिला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येतो. जमली तर सही. नाहीतर पुण्याचा एक कंत्राटदार आहेच."

तो पुढचा आठवडा आज उजाडला होता. साहेब अकराला येणार होते आणि आत्ता पावणेअकरा झाले होते. बिया मिळणार पुण्यात. जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडणार. सीमानं धुतलेलं फडकं घेतलं आणि बिया खसाखसा पुसायला लागली.

"पुसू नगंस, त्याल निघंल," सोजरबाई म्हणाल्या.

सीमा आणखी जोरात पुसायला लागली.

इतके दिवस उगवला नाही तो माणूस आज एक मिनिटही उशिरा आला नाही. खिशातून कागदाची दुसरी प्रत काढली, चष्मा लावला, एक बी चिमटीत धरून खिडकीकडे नेली.

"चकाकी. गुड. ताज्या बीला तेल सुटतं, सीमाबाई. ते असं चमकतं."

साहेबांनी बी दाताखाली फोडली. कट्‌ आवाज झाला.

"कडक! व्हेरी गुड."

मग त्यांचा जबडा थांबला. त्यांनी डब्यात नाक घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. स्वतः मिक्सर लावला, पूड केली, भांड्यात घेतली आणि वरून कढत पाणी ओतलं.

"ताजी असेल तर आता फुगेल. फेस येईल."

तिघंही भांड्यात वाकून बघत राहिले. काही फुगलं नाही. पूड गाळासारखी तळाशी बसली आणि पाण्यावर तेलाचा पातळ तवंग तरंगायला लागला.

"सीमाबाई, यात काय घातलं तुम्ही?"

चार वर्षं पहाटे उठून चालवलेलं कॅन्टीन त्या तवंगाबरोबर वाहून चाललेलं सीमाला दिसत होतं. ती तोंड उघडणार, तोच सोजरबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"म्या लावलं एरंडेल. तिला आत्ता कळलं. रागवायचं तर मला रागवा."

"एरंडेल? कॉफीला?"

"कीड लागंल म्हनून."

"आजी, कॉफीला कीड लागत नाही," साहेब वैतागून म्हणाले. "कॉफी शिळी होते. महिन्याभरात सगळा वास उडून जातो. कागदावर लिहिलंय ना स्पष्ट!"

"म्हैन्याभरात?" सोजरबाईंनी बोटं मोजली. "तुमी दिल्या भीमजयंतीच्या आदल्या दिशी. आज पोरांच्या साळा सुरू झाल्या. दोन म्हैनं झालं की."

साहेबांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"एवढी नाजूक चीज हाय, तर ठेवायला दिलीच कशाला, सायेब? दिली त्याच दिशी बसून प्यायची व्हती."

साहेबांनी कागद पुन्हा उघडला. शेवटच्या, महिन्याभरात वापरा म्हणणाऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग कागदाची घडी झाली आणि ती खिशात गेली.

"चहा आहे?"

सीमानं चहा टाकला. राग इतका होता की आलं ठेचताना खलबत्ता दणादण वाजत होता. साहेबांनी एक ग्लास घेतला. मग रिकामा ग्लास पुढे केला. दुसरा संपवून त्यांनी करार मागवला आणि उभ्याउभ्याच सही केली.

"वर्षभरासाठी," ते म्हणाले. "कॉफी मी घरूनच पिऊन येईन."

ते गेल्यावर सीमाला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती ओरडलीच, "तो डबा आधी उकिरड्यावर ओता, आत्याबाई!"

सोजरबाईंनी बियांवर पाला पुन्हा नीट पसरला होता. त्यांनी झाकण ठोकून बसवलं.

"टाकायचं कशाला? सायेब बदलत्यात. पुढच्याला व्हतील."