लवकर म्हणजे किती?

"चार वर्षं झाली, पोराला एकदाही रजा नाही? कसली मेली कंपनी ती!" नणंद पुटपुटली. पुटपुटली म्हणजे शिलाई मशीनच्या आवाजातही ऐकू जाईल इतपत.

शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून उत्तर त्यांच्या नवऱ्याने दिलं. "करारच पाच वर्षांचा आहे, ताई. परदेशातल्या नोकऱ्या अशाच."

"गेला होता मोटारी दुरुस्त करायला आणि शिकला काय, तर सुतारकाम! मुलीकडच्यांना मी काय सांगू? कधी येणार म्हणून सांगू?"

"लवकरच," असं म्हणत त्याने पेपर तोंडासमोर धरला.

या शब्दाचं शिंपीणबाईंना वावडं होतं. त्यांच्या दुकानात, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागात, पँट आखूड करायला आणली की "गुरुवारी साडेपाचला" असं उत्तर मिळे. गुरुवारी साडेपाचला पँट घडी घालून तयार असे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेवढं दुकान बंद. दोरे आणायला जाते म्हणत आणि सकाळची बस पकडत. इतके दोरे लागतात तरी कशाला, असं नणंदेने एकदा विचारलंही होतं.

मुलाचा फोन शनिवारी यायचा. दहा मिनिटं झाली की आपोआप कट. जेवण अळणी आहे, झोप बरी आहे, बाबांचा गुडघा कसा आहे, एवढ्यात वेळ संपायचा.

मुदतीआधी त्याला मोकळं करावं म्हणून घरून अर्ज गेला होता. त्याची उत्तरं तिकडच्या ऑफिसातून इंग्रजीत येत. नवरा निवृत्त पोस्टमन. जिन्याखालच्या पेटीतून पत्र तो स्वतः काढी, दुसऱ्या कुणाचा हात लागण्याआधी. सवय आहे, म्हणे.

बाई पत्रातला वेळेचा शब्द तेवढा मापाच्या चिठ्ठीवर उतरवून घेत आणि शेजारच्या टायपिस्टबाईंकडे नेत. टायपिस्टबाईंनी पस्तीस वर्षं साहेबांची इंग्रजी पत्रं बडवली होती.

"‘शॉर्टली’ म्हणजे?"

"डिक्शनरीत थोड्याच वेळात. ऑफिसात तीन महिने."

"‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’?"

"सहा धरा."

"आणि हे? इन... ड्यू... कोर्स."

टायपिस्टबाईंनी चष्मा काढून पुसला. "यथावकाश. हे मी ज्यांची फाइल हरवली होती, त्यांना टाइप करायचे."

शिंपीणबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाल्या, "तारीख कशी मागतात इंग्रजीत?"

"‘बाय व्हॉट डेट.’ पण ऑफिसला असं कुणी विचारत नाही हो."

"मी पँटला तारीख देते. माणसाला का नाही?"

तेव्हापासून दर सोमवारी एक पत्र जायला लागलं. मजकूर टायपिस्टबाईंचा, पण ‘बाय व्हॉट डेट’ ही ओळ बाई स्वतःच्या हाताने लिहीत, खाली दोन रेघा मारून. "कंपनीचं नाव तरी सांगा, वर घालते," टायपिस्टबाई म्हणायच्या. "नाव-पत्ता मी घालीन," बाई म्हणायच्या.

नवरा धास्तावला. "ते चिडतील गं. त्रास त्यालाच होईल."

"चार वर्षं आपण मान खाली घालून बसलो. कमी झाला त्रास?"

 पाकिटाला तिकीट मात्र त्यानेच चिकटवलं.

अकरा पत्रं गेली. बाराव्याच्या आधी उत्तर आलं. नवरा जिना चढून आला आणि पत्र बाईंच्या हातात देऊन खुर्चीत बसला. नणंद कुर्त्याची बाही उसवून घ्यायला आली होती, टायपिस्टबाई चहाला. बाईंनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. या वेळी चिठ्ठी केली नाही. अख्खा कागद टायपिस्टबाईंच्या हातात दिला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"फोर्थविथ," टायपिस्टबाईंनी वाचलं. "ताबडतोब! आत्ताच्या आत्ता! अहो, हा शब्द मी उभ्या जन्मात दोनदा टाइप केला असेन." मग त्यांची नजर कागदाच्या माथ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"म्हणजे येतोय ना?" नणंद उठून उभी राहिली. "कुठल्या विमानाने? गाडी सांगायला हवी, सामान असेल..."

"विमानाचं... कंपनी कळवेल, ताई," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला.

शिंपीणबाईंनी मशीनवर झाकण घातलं आणि चपला पायात सरकवल्या. "विमान नाही, वन्सं. कंपनीही नाही. माझा मुलगा चार वर्षं तुरुंगात आहे, इथून दोन तासांवर. मी त्याला आणायला निघाले. कोण येतंय सोबत?"