एक फिटर

पाळकांनी प्रार्थनेच्या पेटीतली पाचवी चिठ्ठी उलगडली आणि मंडळीत बसलेली एक बाई पुढे झुकली. चिठ्ठी तिचीच होती. वहीच्या पानाचा निळ्या रेघांचा तुकडा तिला सातव्या बाकावरूनही ओळखू आला.

ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, फक्त तो कोण, काय काम करतो ते लिहायचं, असा या चर्चमधला जुना रिवाज होता. एक नर्स, एक ड्रायव्हर, एक आजी. पाळक वाचत, मंडळी बसल्या जागी 'आमेन' म्हणत आणि ही चिठ्ठी कुणाची असेल, यावर दुपारचं जेवण चवीनं होई. पण वर्षभरापासून कारखाने एकेक माणूस कमी करू लागले होते. आजारपणाच्या चिठ्ठ्या मागे पडल्या होत्या, कामाच्या वाढल्या होत्या.

शेजारी तिचा नवरा हाताची घडी घालून बसला होता. महिनाभर तो रोज साडेसहाला डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग घेऊन परतायचा. सोंग छान वठलं होतं, फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. वीस वर्षं ग्रीसचे डाग घासून जिची बोटं झिजली, तिच्यापुढे रोज स्वच्छ शर्ट धुवायला पडत होता. तरी ती तो साबण लावून घासायची. विचारलं आणि माणूस मोडून पडला तर, या भीतीनं तिची जीभ उचलत नव्हती.

"एक फिटर," पाळकांनी वाचलं. "रोज डबा घेऊन घरातून निघतो, पण कामावर जात नाही. काम सुटलंय हे घरी सांगायचं बळ त्याला मिळावं."

मंडळी आमेन म्हणणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक दांडगा माणूस उठून उभा राहिला.

"मीच तो," तो आपल्या बायकोला म्हणाला. "तुला लिहायची वेळ यायच्या आधी मीच सांगायला हवं होतं."

"मी कुठे काय लिहिलंय?" बायको म्हणाली.

हे भलतंच झालं. चिठ्ठी लिहिताना काम सुटलेला फिटर आपलाच नवरा तेवढा आहे, असं सातव्या बाकावरची ती धरून चालली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं आणि नुकतंच लग्न झालेला एकजण मान खाली घालून उभा राहिला. मग खिडकीपाशी एक पिकल्या केसांचा उठला.

तिचा नवरा मात्र जागचा हलला नाही. त्या तिघांच्या आडोशाला तो आयताच लपला होता आणि तो आडोसा तिनंच करून दिला होता. तिला रडू फुटेल असं वाटलं. तिनं डोळे मिटले. महिनाभर ती देवाला सगळं नीट समजावून सांगत आली होती. आता तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तूच बघ बाबा, एवढंच ती मनात म्हणाली.

बाक कुरकुरला. डोळे उघडले तर नवरा उभा होता.

पाळकांनी चष्मा पुसून चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "चिठ्ठी तर एकच आहे," ते म्हणाले.

"पुरेल," पहिल्या बाकावरची म्हातारी म्हणाली. "करा प्रार्थना."

उपासना सुटल्यावर चौघे आवारात घोळका करून उभे राहिले. इतके दिवस दिवसभर कोण कुठे बसत होतं, याची विचारपूस चालली होती. एकानं बसस्टँड धरलं होतं, एकानं वाचनालय. पिकल्या केसांचा तर महिनाभर सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसून होता, कारण तिथे पंखा होता. तिचा नवरा हसला. ते हसणं तिनं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

एक निवृत्त फोरमन काठी टेकत त्यांच्याजवळ आला. गावाबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यातली मोठी मशीन आठ दिवसांपासून बंद पडली आहे, असं त्यानं सांगितलं. ते काम एकट्यादुकट्याचं नव्हे, पण चौघे मिळून येत असाल तर उद्या सकाळी मालकाशी गाठ घालून देतो. पुढचं काही आपण कबूल करत नाही, हेही त्यानं बजावलं.

दोघं चालत घराच्या वळणापर्यंत आली.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"तुमचा शर्ट मळेनासा झाला तेव्हा."

त्यानं आपल्या बाहीकडे एकदा पाहिलं. फाटकाची कडी काढता काढता म्हणाला, "उद्यासाठी जुना शर्ट काढून ठेव. मळणार आहे."