झिलेची जागा

सगुणने चित्रकथीतलं अशोकवनातल्या सीतेचं चित्र वर धरलं, ओळ गायली आणि सवयीने थांबला. इथे झील धरून ती ओळ पुन्हा म्हणायची त्याची बायको, जनी. पण परदेशातल्या या संग्रहालयात वर्षभर कला दाखवायचा व्हिसा त्याला एकट्यालाच मिळाला होता.

कथा संपली असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पुढच्या दालनात गेले. रोज असंच होई. राम लंकेत पोचायचा राहून जाई.

“लोक टाळये वाजवतत मां?” पिंगुळीहून जनीने फोनवर विचारलं.

“वाजवतत. तू झील धरतंस थंयच.”



“मगे थंय थांबा नकात. फुडे म्हणा.”

“थंय माका तुझो आवाज येता,” तो म्हणाला. “त्येच्यावर मी कसो म्हणू?”