गोडं पाणी

मीटर शून्यावरच होता. विद्युल्लतेनं तो पुसला, झटकला, पुन्हा डब्यात बुडवला. पाण्यात नावालाही मीठ नव्हतं.

"अप्पा, यात काय घातलंत?"

बिंदुमाधवशास्त्री प्रयोगशाळेच्या दारात अनवाणी उभे होते. चपला बाहेर काढायची इथं गरज नव्हती, पण त्यांना सांगणार कोण? शनिवारी विभाग बंद, म्हणून कुरियरवाल्यानं रत्नागिरीहून आलेला शिंपल्यांचा डबा काशीतल्या दुर्गाघाटावर घरीच टाकला. लेक विद्युल्लता लखनौला गेलेली. आज सोमवारी तो ओला डबा मांडीवर घेऊन ते स्वतः रिक्षानं आले होते.

"गंगाजल," ते म्हणाले. "आतली पिशवी फाटून पाणी सगळं गळून गेलं होतं. दोन दिवस बदलत होतो."

विद्युल्लतेचं डोकंच फिरलं. या शिंपल्यांच्या पाठीवर समुद्रातले जिवाणू राहतात. त्यातला एक असं काही सोडतो, की इस्पितळातले औषधाला न जुमानणारे जंतूही मरतात. तीन वर्षं ती त्याच्याच मागे होती. आधी वाढवलेले जिवाणू वीज गेली तेव्हा नासले. ही शेवटची खेप, आणि मार्चमध्ये प्रबंध द्यायचा. गोड्या पाण्यात तो दोन दिवस कुठला टिकायला?

मार्गदर्शक मॅडम उठून जवळ आल्या. त्यांना नीट कळावं म्हणून विद्युल्लता मुद्दाम हिंदीत बोलली. "इन्हें पंडिताई सूझी, मॅडम. सीपियाँ देखीं और गंगाजल से शुद्ध कर डालीं. अब सब खतम."

मागच्या टेबलावरची दोघं फिसकन हसली. शास्त्रीबुवांनी मॅडमना हात जोडले. "गलती हमारी है."

विद्युल्लतेला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. वडिलांनी लेकीच्या मास्तरणीपुढे हात जोडावेत, आणि तेही अनवाणी उभं राहून. तिला त्यांची लाज वाटली. मग लाज वाटल्याची वाटली.

तेवढ्यात ते तिच्याकडे वळले आणि मराठीत बोलले, तिच्यापुरतं.

"शिंपले बघून मीही दचकलो, खोटं कशाला सांगू. हात लावायला अर्धा तास गेला. पण जीव होते गं, आ वासून पडले होते. आणि तीन वर्षं तू सांगत होतीस, मी गंगेच्या पाण्यातल्या जंतूंवर काम करते म्हणून. वाटलं, यांना तेच पाणी लागत असेल."

विद्युल्लतेचा चेहरा खर्रकन उतरला. घरी शिंपल्यांचं काम चालायचं नाही, असं अप्पांना न विचारताच ठरवून तिनं गंगेचं खोटं सांगितलं होतं.

"क्या कह रहे हैं पंडितजी?" मॅडमनी तिला विचारलं.

विद्युल्लता पुन्हा मीटर पुसू लागली.

"कुछ नहीं, मॅडम," शास्त्रीबुवाच म्हणाले. "बिटिया ने तो ठीक ही बताया था. हम बूढ़े हो गए हैं, भूल गए."