डॉक्टरांचा होकार

“एवढं एकच खोटं बोला, डॉक्टर. तुमच्या पाया पडते,” रायसा म्हणाली.

इन्नोकेंती पावलोविच हे विमानतळावरचे म्हातारे डॉक्टर. उड्डाणाआधी वैमानिकाला तेच तपासणार, आणि त्यांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय खुद्द मॉस्कोहून मंत्री आला तरी विमान हलायचं नाही. मागे वळलेल्या पंखांचं ते नवं प्रायोगिक जेट उद्या पहिल्यांदाच पूर्ण वेगानं उडायचं होतं. उडवणार होता रायसाचा नवरा, ग्लेब. वेग वाढला की त्या विमानाचे पंख थरथरतात, हे तळावरच्या स्वयंपाकिणीलासुद्धा ठाऊक होतं.

“झोप उडालीय हो त्याची. जिना चढताना मध्येच थांबतो, सिगारेट पेटवायचं निमित्त करून. मनातून हबकलाय, पण कबूल करेल तर शपथ! उद्या सांगून टाका, हृदय नीट चालत नाही म्हणून.”

डॉक्टर बराच वेळ चहा ढवळत राहिले.

“बघतो,” म्हणाले.

सकाळी त्यांनी ग्लेबच्या छातीला नळी लावली आणि मान हलवली. “आज नाही. यापुढंही नाही. हृदय ठीक नाही तुझं.”

ग्लेबनं आदळआपट केली, शिव्या घातल्या. त्याच्या जागी तिखोन निघाला, त्याचा जिवाभावाचा दोस्त.

“बस रडत, म्हाताऱ्या! परत आलो की व्होडका तुझ्याकडून!” असं ग्लेबला ओरडून तो हसत शिडी चढला.

पंख हवेतच तुटले. जंगलात तिखोनचं ओळखू येईल असं काही सापडलं नाही.

रिकामीच म्हणावी अशी शवपेटी पुरून झाली, तशी रायसा तडक डॉक्टरांकडे गेली. तिला स्वतःची किळस येत होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, आत कुठंतरी हायसंही वाटत होतं. आपला ग्लेब वाचला. आता तो नातवंडं खेळवील.

“आपण मारलं त्याला,” ती हुंदके देत म्हणाली. “तुम्ही नि मी. आपल्या त्या खोट्यानं.”

डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

“तुझं काही पाप नाही, पोरी. पाप माझं. ग्लेब गयावया करायचा, म्हणून वर्षभर मी खोटं बोलत आलो. त्या सकाळी पहिल्यांदा खरं बोललो.”