कठड्यावरचे चिंचोके

“तलाव पंचवीस मीटरचा. चाळीस वेळा लांबी कापली की किलोमीटर, तरच नदीच्या शर्यतीत नाव,” सरांनी बजावलं.

“आक्कांचं नाव पाण्यावरच लिहा,” हेरवाडकर खिदळले. “मी रोज अर्ध्या तासात मारतो. मासे वाट सोडतात मला!”

कृष्णेत पोहायला शिकलेल्या इंदूआक्कांना मरायच्या आधी एकदा नदी पुन्हा हवी होती. सत्तरीत आकडे विसरतात, म्हणून त्यांनी कठड्यावर चाळीस चिंचोके मांडले. पलीकडे जाऊन परत आलं, की एक चिंचोका डब्यात. शेवटचा पडला, तेव्हा दीड तास उलटला होता. हेरवाडकर कधीचे आटपून चहा फुरकत होते.

“किलोमीटरला दीड तास? म्हैस लवकर पोहते!”

आक्कांचं तोंड एवढंसं झालं. सरांनी मात्र डबा हलवला. “जाऊन-येऊन एक चिंचोका? अहो, दोन किलोमीटर झाले! आणि हेरवाडकर, तुम्ही उथळ पाण्यात आडवे पोहता. तिथली रुंदी दहा मीटर. चाळीसचे चारशेच झाले!”

आक्कांनी शांतपणे केस पिळले.

“सर, माझा जास्तीचा किलोमीटर ह्यांच्या नावावर लिहा. माशांना तोंड दाखवायचंय बिचाऱ्यांना.”