वाऱ्याचे कापे

"पत्र्यावर करू, मेंबर," सुनील म्हणाला. "फ्लेक्स तुमच्या गावात टिकत नाय."

सावळेरामने टेबलावरचे नमुने उलटेपालटे केले. पिंपळवंडीच्या ओढ्याजवळचा बिबट्याचा बोर्ड कुणीतरी काढून नेला होता. ओढ्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि मधल्या वाटेने शाळेची पोरं जात. ग्रामपंचायतीने सावळेरामला नवा बोर्ड करायला आळेफाट्याला सुनीलच्या बॅनरच्या दुकानात धाडले होते.

"हा पांढरा? सनबोर्ड?"

"उन्हात वाकतो. वाऱ्यात मोडतो."

"आन पत्रा कुणी खुराड्याला नेला म्हंजे?"

"मधोमध भोकं पाडून देतो. कोंबडी राहील आत, पिल्लं निघून जातील."

सावळेराम हसला. तेवढ्यात त्याच्याच गावची गोजरबाई दुकानात आली. काखेत गुंडाळी होती. सावळेरामला पाहून ती दारातच थबकली, मग पुढे आली आणि गुंडाळी टेबलावर सोडली.

पिवळा फ्लेक्स उलगडला. लाल अक्षरे, 'सावधान'. खाली बिबट्याचा तोंडभर फोटो.

"हा तर ओढ्याचा," सावळेराम म्हणाला. "मावशे, तू नेला व्हय? आन मी अख्ख्या आळीवर संशय घेतला."

"नेला मी. पडवीला उसाकडून आडोसा न्हाई. सूरज न सूनबाई चाकणला, मी आन नात संस्कृती दोघीच निजतो तिथं. रातचा गार वारा मारतो, पोरगी खोकती. म्हणलं, जाड हाय, चारी कोपरे तारेनं बांधू." तिने फ्लेक्सवर तळहात फिरवला. "छापाची बाजू आत केली. पोरीला चित्र आवडतं. रोज त्याला गोष्टी सांगती."

"त्यो बोर्ड माणसांना वाचायला व्हता, मावशे."

"मला कुठं वाचता येतंय." मग ती सुनीलकडे वळली. "भाऊ, ह्यो फाटलाय. ह्यापेक्षा चिवट काय असंल त्ये दे."

सुनील वाकला. फोटोच्या गालावरून खाली चार चिरा गेल्या होत्या. शेजारी शेजारी, एकीला एक लागून.

"वाऱ्याचे कापे असतील," सावळेराम म्हणाला. "तूच देतो ना, वारा जायला?"

सुनीलने फ्लेक्स जवळ ओढला. बॅनर वाऱ्याने फुगून फाटू नये म्हणून तो ब्लेडने कापे देत असे. ते अर्धचंद्रासारखे असत, हातहातभर अंतरावर. ते तिथे होतेच, त्याने ओळखले. या चिरा सरळ होत्या, वरून खाली ओढलेल्या.

"कधी झालं हे?"

"परवा रातीला. पोरीनं ऐकलं. म्हणली, आज्जी, कुणीतरी पडदा फाडतंय. मी म्हणलं वारा हाय, नीज. सकाळी बघितलं तर ह्यो असा, आन खालची तार सुटलेली." तिचा आवाज जरा उतरला. "नखं हाईत ती. मला कळतंय. पण आत आला न्हाई त्यो. देवीनं राखलं. पोरगी हाय, शेळ्याबी दावणीला हाईत."

"कुत्रं भुंकलं नाय?"

"मोत्या? त्यो खाटंखाली निजतो. भेदरून पळाला वाटतं कुठंतरी. परवापास्नं आला न्हाई."

सावळेरामने समोरचे नमुने एका बाजूला सारले.

"सुनील, पत्रा किती हाय तुझ्याकडं?"

"तुमच्या बोर्डापुरता एक. सहा बाय चार. दुसरा परवा येईल."

सावळेरामने दाराबाहेर पाहिले. शाळा सुटायला अजून वेळ होता. "त्यो मावशीला दे. बोर्ड परवा लावू. तवर ओढ्यावर मी सोता उभा राहतो."

"देवासारखा बोलला रं," गोजरबाई म्हणाली. "म्हंजे आजच्या रातीला काळजी न्हाई. उसाकडची बाजू बंद झाली म्हंजे झालं."

सुनीलने आतून पत्रा ओढत आणला आणि भिंतीला टेकवला. मग जुना फ्लेक्स गुंडाळायला घेतला. चिरांवर बोट फिरले आणि तो थांबला. त्याने फ्लेक्स उजेडाकडे धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. रोज दहा बॅनर कापणारा माणूस, दाब कुठून आला हे त्याच्या बोटांनाच कळत असे. फाटलेल्या कडा मागच्या पांढऱ्या बाजूला वळल्या होत्या. आतले धागेसुद्धा तिकडेच ओढून निघाले होते.

"मावशी, चित्र आतल्या बाजूलाच व्हतं ना? खाटेकडं?"

"खाटंकडंच. सांगितलं की."

"आन पांढरी बाजू उसाकडं?"

"व्हय."

सावळेरामने सुनीलच्या हाताकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे. सुनीलने फ्लेक्स त्याच्यासमोर धरला आणि छापील बाजूने चिरांत चार बोटे घातली. बोटे पलीकडे निघाली. फाटलेल्या कडा त्यांच्यावर नेमक्या बसल्या. "आतून बाहेर," तो हळूच म्हणाला.

सावळेराम खुर्चीतून उठला.

"मावशे," तो म्हणाला, "पडवीतून घरात जायला दार हाय?"

"दार कुठलं, उघडीच चौकट हाय. घरातलंच घरात कशाला दार?"

"आन घराच्या मागं?"

"मागं पक्की भिंत हाय." गोजरबाई पत्र्याची कड चाचपत होती. पत्रा जाड निघाला, म्हणून तिचा चेहरा निवळला होता. "वरची दोन-तीन कौलं तेवढी सरकल्यात. कुणाचं तरी मांजर येतं तिकडनं."